मैना परत कशी आली

बेल्ह्याच्या बाजारात मी एका बैलजोडीचा सौदा करत होतो. आमच्याकडे हा सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना काही कळत नाही. माझी बोटं समोरच्याच्या मुठीत होती. त्याला आणखी खाली आणायच्या बेतात होतो, एवढ्यात घोडेगावकडचा एक ओळखीचा माणूस गर्दीतून म्हणाला, "बापू, तुमचा त्यो समजावणारा गेनभाऊ गेला की. चार दिस झालं. ताप आला, अन् तीन दिसांत आटोपलं." मी नुसतं "हं" म्हणालो. त्यानंतर उपरण्याखाली माझी बोटं काय बोलली ते मला ठाऊक नाही. समोरच्यानं उपरणं ओढून घेतलं आणि "झाला सौदा" म्हणून तो मोकळा झाला. इतक्या वर्षांत मला बाजारात कुणी फसवलेलं नाही. त्या दिवशीही कुणी फसवलं नाही... मीच तिथं नव्हतो.

गेनू माझा मित्र होता असं लिहायला हात धजत नाही, कारण गेली आठ वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. त्याच्यावरचा माझा राग तो गेला म्हणून संपलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाविषयी गोडच लिहावं अशी रीत आहे. मला ती जमणार नाही. पण त्याच्याविषयी एक खोटी गोष्ट मी स्वतः जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगाव सांगितली आहे. ती जिथं जिथं पोहोचली तिथं तिथं खरी गोष्ट पोहोचवायला वर्तमानपत्राच्या पुरवणीखेरीज दुसरं साधन माझ्यापाशी नाही.

आम्ही दोघंही बाजारातले दलाल. मी भाव पाडणारा आणि तो बोलणारा. आडमुठा बैल असला की गेनू त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याची अशी कथा सांगायचा की विकणाऱ्यालाच वाटावं, आपण कशाला विकतोय. दोघंही लिहिण्यावाचण्यापुरतेच शिकलेले. पुढे मी पै पै जोडून एक जुनं सिनेमाचं यंत्र, एक ऑइल इंजिन आणि ठिगळांचा एक तंबू घेतला आणि गावोगाव खेळ करू लागलो. तेव्हा चित्रं मुकी होती. पडद्याच्या बाजूला उभं राहून गोष्ट समजावून सांगणारा माणूस लागायचा, आणि त्या कामाला गेनूशिवाय दुसरं नाव माझ्या डोक्यात आलंच नाही. मग बोलपट आले. मराठी-हिंदी बोलपटांना समजावणारा लागत नाही, पण त्यांचं भाडं माझ्यासारख्याला झेपणारं नव्हतं. म्हणून मी मुंबईला जाऊन एक इंग्रजी बोलपट विकत घेतला. घासून घासून जुना झालेला, पण गाण्यांचा, नाचाचा आणि हसवणारा. भाषा कळली नाही तरी पाय कळतील, असा माझा हिशोब होता. विकणाऱ्याला मी दोन दिवस उन्हात उभा राहून घासाघीस करत खाली आणला. त्या विजयाच्या धुंदीत डबे उघडून बघायचं राहिलं. ओतूरला पहिल्या खेळाला कळलं की मी भाव पाडला होता आणि त्यानं एक रीळ पाडलं होतं. त्या डब्यात भलत्याच कुठल्या तरी घोड्यांच्या शर्यती निघाल्या.

चित्राची गोष्ट मला जेवढी कळली तेवढी अशी. एक काटकुळा माणूस, डोक्यावर काळी उंच टोपी, टाचांनी टकटक वाजवत नाचणारा. एक मुलगी, त्याच्याबरोबर नाचणारी. दोघं एका मोठ्या हॉटेलात काम करतात आणि तिथला जाडा मालक सारखा कशावर तरी घसरून पडतो. ती मुलगी एकदा दुसऱ्याच कुणाबरोबर नाचते. हा संतापतो आणि तिची पेटी जिन्यावरून खाली फेकतो. पेटी उघडते, कपडे सगळ्या जिन्यावर पसरतात. ती एकेक गोळा करते आणि आगगाडीत बसून निघून जाते. आणि पुढच्या रिळात, काही कळायच्या आत, पिसांचे पंखे घेतलेल्या शंभर बायकांच्या मधोमध दोघं हातात हात घालून नाचत असतात! ती परत का आली, ते सगळं त्या हरवलेल्या रिळात.

ओतूरला घोड्यांची शर्यत सुरू झाली तसं मी यंत्र बंद केलं आणि गॅसबत्ती वर केली. लोक ओरडायला लागले. मी डबे उलटेपालटे करत राहिलो. गेनू मात्र शांतपणे पुढे झाला. त्यानं आधीच त्या दोघांची नावं शिरपतराव आणि मैना ठेवली होती आणि जाड्या मालकाला पाटील करून टाकलं होतं. तो म्हणाला, "गप बसा, राव. बाई आगगाडीतनं गेली. आगगाडी तुमच्या बैलगाडीवानी लगी माघारी वळती व्हय? जरा दम धरा." लोक हसले. मग दहा मिनिटं त्यानं मैना परत कशी आली ते सांगितलं. शिरपतरावाची आई आजारी पडली आणि मैनेनं तिची सेवा केली, असं काहीतरी. बायका रडल्या. मी पुढचं रीळ लावलं, पंखे हलायला लागले आणि तंबूत शिट्ट्या झाल्या.

दुसऱ्या गावी मी म्हणालो, "तेच सांग." तर म्हणतो, "बापू, ह्या गावातल्या आया वेगळ्या." जुन्नरला त्यानं मैनेला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला लावल्या. गणपतीपुढे बसून ती म्हणते, मी परत जाणार नाही, आणि पायऱ्या उतरेपर्यंत तिचा विचार बदलतो. बेल्ह्याला शिरपतरावानं तिच्यासाठी आपला लाडका बैल विकला. बाजारकरी माणसं डोळे पुसत बाहेर पडली. लोक एका गावाहून दुसऱ्या गावी यायला लागले, चित्र बघायला नव्हे, तर आज मैना कशी परत येते ते ऐकायला. मुंबईतल्या व्यापाऱ्यानं मला ठकवलं आणि त्या ठकवण्यावर गेनूनं माझा तंबू उभा केला. हे मी त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. तो बोलत असताना इंग्रजी संवाद मध्ये यायचे. तेव्हा तो माझ्याकडे न बघता एक बोट वर करायचा आणि मी आवाज कमी करायचो. गाणं आलं की बोट खाली. "गाण्यात मी त्वांड घालणार न्हाई," म्हणायचा. "त्याच्या टाचंला घुंगरू न्हाईत, तरी बोलत्यात. त्यांचं त्यास्नी बोलू दे."

आता माझ्या घरातलं सांगावं लागतं. माझ्या बायकोनं मला न विचारता तिच्या भावाला नांगरणीसाठी माझे बैल कबूल केले. बैल गेले असते तर तंबू हलला नसता. तरीही मी जे केलं ते त्या बैलांसाठी नव्हतं. मला न विचारता माझा शब्द दुसऱ्यानं दिला याचा तो संताप होता. मी तिची लोखंडी पेटी उचलली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत रस्त्यावर फेकली. शिरपतरावाला पेटी फेकताना मी तोवर किती वेळा दाखवलं असेल! हात उगारताना तो मला आठवलासुद्धा नाही. तिनं कपडे गोळा केले आणि ती घोडेगावजवळ माहेरी निघून गेली. चार महिने गेले. मी निरोप पाठवला, आपल्या पायानं ये. सासऱ्याचा निरोप आला, स्वतः येऊन घेऊन जा. मी म्हणालो, निम्म्या वाटेपर्यंत तुम्ही तिला आणा, निम्म्यापर्यंत मी येतो. ते म्हणाले, नाही. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो, हे मी बाजारात शिकलो होतो, आणि मी हरणार नव्हतो. गेनू एकदाच म्हणाला, "बापू, ह्यो बाजार न्हाई." मी त्याला त्याच्या कामाशी काम ठेवायला सांगितलं.

एक गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. बायको गेल्यावर रस्त्यावर तिची शिंगाची फणी पडलेली मला सापडली होती. एक दात मोडलेली. ती मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली होती. इंजिन सुरू व्हायची वाट बघत असताना हात आपोआप तिथं जायचा. गेनूनं ते एकदा पाहिलं. बघितलं न बघितलं केलं.

मग घोडेगावचा खेळ आला. दिवेलागणीलाच तंबू भरला. पेटी जिन्यावरून पडली, आगगाडी गेली, मी बत्ती वर केली. गेनू पुढे आला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाला, "मंडळी, ह्यो शिरपतराव लई कडक बरं का. पेटी फेकली. का फेकली? त्याची त्यालाच ठावं न्हाई. आता बसलाय यंत्रापाशी." यंत्रापाशी! चित्रातल्या हॉटेलात कुठलं आलंय यंत्र? लोकांना कळायला वेळ लागला नाही; पेटीची गोष्ट घोडेगावात कुणाला ठाऊक नव्हती? माना वळल्या. तो पुढे म्हणाला, "तोंडानं म्हंतो, आली तर आली. पर कोटाच्या आतल्या खिशात तिची फणी हाये. एक दात मोडलेली. यंत्र चालू व्हायच्या आधी हात घालून बघतो, हाये का गेली..." तंबू हसायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "शेट, खिसा दावा की!"

मी बत्तीचा खांब ओलांडून गेलो आणि त्याची गचांडी धरून त्याला कनातीबाहेर ओढलं. शिव्या दिल्या, दोन थोबाडीत मारल्या. त्यानं हात उचलला नाही. एवढंच म्हणाला, "मार, बापू, पर हळू बोल. वैनी आत बसल्यात." मला वाटलं, आणखी चिडवतो आहे. बायकांची कनात चार पावलांवर होती. ती उचलून बघायला किती वेळ लागला असता? मी बघितलं नाही. त्याला म्हणालो, पुन्हा माझ्या तंबूच्या सावलीला दिसू नकोस. आत जाऊन लोकांना सांगितलं, गेनू पिऊन आला होता म्हणून बरळला. आणि पुढचं रीळ लावलं. मैना परत कशी आली ते त्या दिवशी घोडेगावात कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या घोड नदीतून पार होताना मी ती फणी पाण्यात टाकली.

आठव्या दिवशी बायको घरी आली. भाऊ सोडायला आला आणि उंबऱ्यातूनच परत गेला. मी कुणालाही भेटलो की सांगायचो, सासऱ्याला शेवटी नमवलाच. माझा निरोप कडक होता, त्याचा परिणाम. आणि गेनू पितो, ही गोष्ट तर माझ्या तोंडून इतक्यांदा निघाली की मलाच खरी वाटायला लागली. त्या खोट्या गोष्टीमुळे त्याला दुसऱ्या कुठल्या तंबूवाल्यानं, कुठल्या फडवाल्यानं उभं केलं नाही. मोसमात आहुप्याच्या रानातून डोक्यावर हिरडा आणून तो घोडेगावच्या व्यापाऱ्यांना घालू लागला, असं कानावर यायचं. मी म्हणायचो, बोलण्याची मस्ती उतरली. गेनूनं आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. त्या दिवशीही नाही. हे मी इथं जाहीर लिहितो. ज्यांना ज्यांना मी उलट सांगितलं त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना कुणीतरी वाचून दाखवावं.

बेल्ह्याहून घरी येऊन मी बायकोला म्हणालो, गेनू गेला. ती जोंधळे निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं पदर तोंडाला लावला. मी म्हणालो, "त्या दारुड्यासाठी कशाला रडतेस?" तिनं माझ्याकडे पाहिलं. तसं ती फार क्वचित बघते.

"ते प्याले नव्हते," ती म्हणाली. "त्या दिशी सकाळी माझ्या माहेरी आले व्हते. म्हणले, वैनी, आज खेळाला या, बायकांच्या बाजूला बसा, त्याची नजर तिकडं जात न्हाई. मी आत व्हते. फणीचं ऐकलं. तुमी त्यांना मारलं तेबी ऐकलं."

"मग तू बोलली का नाहीस? आठ वर्षं!"

"तुमी सांगत फिरत व्हता, सासऱ्याला नमवलं. म्हणलं, नमवू द्या. एकदा मी म्हणलं व्हतं, गेनभाऊंना बोलवा. तुमी ताट भिरकावलं. इसरलात?"

मी विसरलो नव्हतो. मग ती म्हणाली, "आल्यावर पयल्याच आठवड्यात मी तुमच्या कोटाचं खिसं बघितलं. फणी नव्हती. म्हणलं, गेनभाऊंनी रचून सांगितलं. जसं सगळ्या गावात रचून सांगत्यात तसं."

"मग राहिलीस कशाला?"

"कुणीतरी माझ्यासाठी एवढं रचलं तर खरं."

मी तिला सांगितलं की त्यानं रचलं नव्हतं. फणी होती, त्या खेळाच्या रात्रीपर्यंत होती. नदीचंही सांगितलं. तिनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि निवडायला लागली. निवडलेले दाणे आणि खडे एकाच बाजूला पडत होते. म्हणजे हा माणूस जगाच्या लेखी दारुडा ठरला माझ्या बोलण्यामुळे, आणि ज्या एका बाईला त्यानं खरं सांगितलं तिच्या लेखी खोटारडा ठरला माझ्या गप्प बसण्यामुळे. गावोगाव इतक्या तऱ्हांनी त्यानं मैनेला परत आणलं. खरी तऱ्हा एकदाच सांगितली, आणि तेवढ्याचसाठी मार खाल्ला.

पण मला त्याला विचारायचं आहे, गेनू, मला आधी सांगितलं असतंस तर? "वैनी येणार आहेत" एवढे तीन शब्द? चारचौघांत माझा खिसा उलटा करायचा अधिकार तुला कुणी दिला? माझी ती एकच गोष्ट होती जी मी विकायला काढली नव्हती. तू हुशार होतास, तर तंबूतल्या लोकांनाही ते कळेल एवढं तुला कळू नये? हा राग खरा आहे आणि मी तो खोटं खोटं गिळणार नाही. आणि नंतर, आठ वर्षांत एकदा हाक मारायची. मी आलो नसतो, हे मला माहीत आहे. तरी मारायची...

तीन आठवड्यांनी तंबू घोडेगावला गेला. गेनूच्या घरी जाऊन आलो. त्याच्या बायकोनं गुळाचा चहा दिला आणि माझ्याविषयी एक शब्दही वावगा काढला नाही. काढला असता तर मला बरं वाटलं असतं. दुपारी तंबूत परतलो तर फाटकावर तिकिटं घेणारा लक्ष्मण, माझ्याहून वयानं मोठा, सुरुवातीपासूनचा माणूस, गोणपाटावर बसला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, "एक सांगायचं व्हतं, शेट. रागावणार असाल तर आधीच कामावरनं काढा."

मी म्हणालो, बोल.

"गेनभाऊ दर साली यायचे. हितं तंबू लागला की एक खेळ चुकवायचे न्हाईत. मी म्हणायचो, तुमास्नी कसलं तिकीट, तर ऐकायचे न्हाईत. तिकीट काढूनच आत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुमी सावलीला दिसू नको म्हणला व्हता. म्हणून तर बत्ती कमी केल्यावर यायचे अन् वर करायच्या आधी जायचे."

मी नेहमीचाच माणूस, म्हणून नेहमीसारखंच विचारलं, "बसायचा कुठं? पुढं?" लक्ष्मण मला आत घेऊन गेला. डाव्या हाताला कनातीला लागून एक जाड खांब आहे, तंबू पेलणारा. त्याच्या मागची जागा आम्ही गर्दी झाली तरच विकतो, कारण तिथून खांबाआड अर्धा पडदा जातो. लक्ष्मणनं तिकडं बोट केलं. "हितं. मी कितींदा म्हणलं, म्होरं सरका, दिसत न्हाई हितनं. तर म्हणायचे, दिसतं की."

लक्ष्मण फाटकाकडे गेल्यावर मी तिथं खाली बसलो. पडदा खरंच अर्धाच दिसत होता. नाचणाऱ्यांचे पाय दिसले नसते, मैनेचा चेहरा तर नाहीच. मग मान वळवली. या बाजूला मधे खांब नाही, आड काही नाही. थेट समोर, पंचवीस हातांवर, यंत्र. माझी बसायची लाकडी पेटी, आवाज कमी-जास्त करायची चावी, बत्ती टांगायचा आकडा, सगळं तिथून स्वच्छ दिसतं. खेळ चालू असताना यंत्रातल्या उजेडाची तिरीप तिथं बसणाऱ्याच्या तोंडावर पडते. आठ वर्षं मी त्या तिरिपीत मान खाली घालून रिळं बदलत होतो. मान वर केली असती तर...

बराच वेळ बसून राहिलो. बाहेर इंजिनवाला हाक मारत होता. तिथून गेनूला काय दिसायचं ते मला बघायचं होतं, पण ते दिसेना. यंत्रामागं त्या वेळी कुणी नव्हतं.